मुलाच्या चालीनं चोलमंडळ

घरात तीन-चार वर्षांचं मूल असलं की सहलीचा बेत ठरताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: जुनी देवळं, किल्ले, संग्रहालयं आत्ता नकोत, पोर जरा मोठं झालं की बघू. मग रिसॉर्टमधला तलाव आणि वॉटर पार्क यांवर बोळवण होते. या सावधपणामागे मुलाची काळजी आहे आणि ती खोटी नाही. पण त्यात इतिहासाविषयीची एक समजूतही दडलेली आहे: तो पाट्यांवरून वाचायचा असतो, सनावळी ठाऊक असल्याशिवाय कळत नाही, म्हणून ज्याला अक्षरओळख नाही त्याला तिथे काय मिळणार? तमिळनाडूचा किनारा या समजुतीला चांगलं उत्तर देतो. चेन्नईहून दक्षिणेला निघून मामल्लपुरम, पुदुच्चेरी, कडलूर आणि तरंगंबाडी असा प्रवास केला तर चोलमंडळाच्या, म्हणजे कोरोमंडलच्या किनाऱ्याचा तेराशे वर्षांचा इतिहास पायाखालून जातो. माझं म्हणणं असं की हा किनारा लहान मुलाला घेऊनही पाहता येतो एवढंच नव्हे, तर मूल बरोबर असेल तर तो अधिक नीट दिसतो.

आधी वेळेचं बघू. कोकणच्या सवयीनं आपण समुद्र संध्याकाळी पाहतो, कारण सूर्य तिथे पाण्यात बुडतो. पूर्व किनाऱ्यावर तो पाण्यातून वर येतो. मामल्लपुरमचं किनाऱ्यावरचं देऊळ सकाळी सहाला उघडतं, आणि त्या वेळी परगावच्या खोलीत कोण टक्क जागं असतं हे प्रत्येक आईबापाला माहीत आहे. सहा ते दहा हे तिथले खरे पाहण्याचे तास. दगड गार असतो, उन्हाची तिरीप शिल्पांवर पडते, बसगाड्यांची गर्दी अजून यायची असते. दहानंतर ऊन असं चढतं की थोरामोठ्यांनीही खोलीवर परतावं, दहीभात खावा आणि पडावं. दुपारची झोप मग मुलासाठी केलेली तडजोड उरत नाही, त्या हवेत तोच शहाणपणा ठरतो. खाण्याचीही अडचण नाही, मऊ इडली पहाटेपासून मिळते. एक तरतूदही लक्षात ठेवण्याजोगी आहे: पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं. अर्ध्या तासात मूल किरकिरलं तर पैसे वाया गेल्याचं दुःख न करता बाहेर पडावं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं.

मामल्लपुरम हे पल्लवांचं बंदर. पहिल्या नरसिंहवर्म्यानं, ज्याच्या 'मामल्ल' या बिरुदावरून गावाला नाव मिळालं, सातव्या शतकात इथल्या कातळावर मोठं काम करवून घेतलं. याच राजानं ६४२ साली वातापीवर चाल करून दुसऱ्या पुलकेशीचा पराभव केला. पुलकेशीची सत्ता महाराष्ट्रावरही होती, त्यामुळे हा आपल्याही इतिहासाचा एक धागा. गावाच्या मधोमध दोन प्रचंड शिळांवर एकच शिल्पपट कोरलेला आहे: देव, ऋषी, किन्नर, हरणं, माकडं आणि खऱ्याखुऱ्या आकाराचे हत्ती. दोन शिळांमधल्या फटीत नाग आहेत आणि वर पाणी साठवण्याची सोय होती, म्हणजे प्रसंगी त्या फटीतून पाणी खाली सोडता येत असावं. हा प्रसंग अर्जुनाच्या तपश्चर्येचा की भगीरथानं गंगा आणल्याचा, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. मोठी माणसं मान वर करून तपस्व्याकडे बघत राहतात. मुलाची नजर खाली, हत्तीच्या पायांजवळ जाते. तिथे एक मांजर मागच्या दोन पायांवर उभं राहून, पुढचे पंजे डोक्यावर नेऊन तप करत आहे आणि त्याच्याभोवती उंदीर जमले आहेत. हे नुसतं गमतीचं चित्र नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगेच्या तीरावर हात वर करून तप करणाऱ्या ढोंगी मांजराची गोष्ट आहे. उंदरांनी त्याच्यावर विश्वास टाकला आणि तो त्यांना एकेक करून खात गेला. म्हणजे मुलाला सगळ्यात आधी दिसणारं मांजर हा त्या वादातला एक पुरावाच आहे. पाटी वाचून पुढे सरकणाऱ्या किती जणांना ते दिसत असेल?

पाच रथांपाशीही असंच घडतं. ही देवळं रचलेली नाहीत, एकेका कातळातून वरून खाली कोरत आणलेली आहेत आणि त्यांतली काही शेवटपर्यंत अपुरीच राहिली. नकुल-सहदेवाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या रथाची मागची बाजू गोलाकार आहे. वास्तुशास्त्रात तिला गजपृष्ठ म्हणतात, म्हणजे हत्तीची पाठ. पल्लवांच्या शिल्पकारांनी त्याच्या शेजारीच पूर्ण आकाराचा दगडी हत्ती कोरून ठेवला. परिभाषा समजावून सांगायला वेगळ्या मार्गदर्शकाची गरजच नाही, हत्तीकडे आणि मग छपराकडे बोट दाखवलं की झालं. गावातल्या रस्त्यांवर अजूनही छिन्नी-हातोड्याचा आवाज चालू असतो. कारागीर उघड्यावर मूर्ती घडवत बसलेले असतात, आणि अपुऱ्या रथांचं अपुरेपण म्हणजे काय हे त्यांच्यापुढच्या अर्धवट मूर्ती पाहून चार वर्षांच्या मुलालाही कळतं. किनाऱ्यावरचं देऊळ यानंतरचं, आठव्या शतकाच्या सुरुवातीला राजसिंह पल्लवानं दगड रचून बांधलेलं. खाऱ्या वाऱ्यानं त्याची शिल्पं झिजून मऊ झाली आहेत. २००४ च्या त्सुनामीत इथला समुद्र आधी मागे हटला, मग चालून आला, आणि वाळू हलल्यावर पूर्वी न दिसलेले कोरीव दगड उघडे पडले.

इथून पुदुच्चेरीकडे जाताना रस्ता बराच काळ समुद्राच्या अंगानं जातो. या किनाऱ्याची एक गोष्ट वाटेतच सांगून टाकावी: मुंबईसारखं खोल, आडोशाचं नैसर्गिक बंदर इथे नाही. लाट सरळ येऊन आपटते. जहाजं दूर नांगर टाकून उभी राहत आणि माल व माणसं मसुला नावाच्या होड्यांतून फेसाळत्या लाटांवरून आणली जात. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून काथ्यानं शिवलेल्या असत, म्हणून लाटेच्या धक्क्यानं फुटण्याऐवजी त्या लवत. याच कारणासाठी इथे मुलाला पाण्यात नेण्याचा मोह आवरावा. किनारा एकदम खोल होतो आणि ओढ जबर आहे. वाळूत किल्ला करावा, घोट्याएवढ्या पाण्याच्या पुढे जाऊ नये.

पुदुच्चेरीच्या समुद्ररस्त्यावर संध्याकाळी वाहनं बंद असतात, त्यामुळे मुलाचा हात सोडता येतो. पण सोडला की ते वाळू शोधतं, आणि बराचसा भाग काळ्या दगडांच्या राशींनी झाकलेला असतो. वाळू कुठे गेली, हा त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. या किनाऱ्यावर वर्षाचा बराचसा काळ वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. १९८० च्या दशकात शहराच्या दक्षिणेला बंदरासाठी समुद्रात बांध घातले गेले. वाळू त्यांच्या अलीकडे अडली आणि शहरासमोरचा किनारा उपाशी राहून नाहीसा झाला. मग शहर वाचवायला दगड टाकावे लागले. अलीकडे पाण्याखाली कृत्रिम बांध घातल्यावर त्यातला थोडा किनारा परत आला आहे. फ्रेंचांच्या पिवळ्या भिंतींचे फोटो काढणाऱ्या पर्यटकाला ही गोष्ट क्वचितच कळते, कारण त्याला वाळूत खेळायचं नसतं.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. पुदुच्चेरीचं देखणेपण हे वसाहतीचं देखणेपण आहे. मुलाला बोगनवेल आणि रंगीत खिडक्या दाखवून आपण राज्यकर्त्यांचंच कौतुक त्याच्या मनात रुजवत नाही का? तसं होऊ शकतं, म्हणून फक्त त्या खिडक्यांपाशी थांबू नये. फ्रांस्वा मार्तिननं १६७४ मध्ये इथे फ्रेंचांचं ठाणं उभं केलं. १६९३ ते १६९९ शहर डचांकडे होतं आणि रस्त्यांची आखीव चौकट त्यांच्या आराखड्यातून आली. १७६१ मध्ये इंग्रजांनी शहर जिंकून जमीनदोस्त केलं, त्यामुळे आज दिसणारी घरं त्यानंतरची आहेत. शहराच्या मधून एक कालवा जातो. त्याच्या समुद्राकडच्या बाजूला गोरे राहत, पलीकडे तमिळ वस्ती. कालवा ओलांडला की घरांच्या दर्शनी बाजूला ओटे आणि खांबांवरची छपरं दिसू लागतात, वाटसरूनं बसावं म्हणून केलेली. दोन्ही बाजूंनी चालून आलेल्या मुलाला फरक सांगावा लागत नाही, आणि हा फरक कुणी ठरवला हे सांगायला तीच जागा योग्य. फ्रेंच सत्ता प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५४ ला संपली, कायद्यानं हस्तांतर १९६२ मध्ये पुरं झालं. समुद्ररस्त्यावरच्या गांधीजींच्या पुतळ्याभोवतीचे आठ दगडी खांब मात्र फ्रान्सचे नाहीत, ते जिंजीहून आणलेले आहेत.

जिंजी म्हटल्यावर मराठी वाचकाचे कान टवकारतात. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला आणि पुढे राजाराम महाराजांनी मोगलांच्या वेढ्यात तो १६९८ पर्यंत झुंजवत ठेवला. त्या लढ्यासाठी पैसा हवा होता. १६९० मध्ये कडलूरजवळचा समुद्रकाठचा किल्ला मराठ्यांनी इंग्रजांना विकला, आणि सौद्याची अट अशी होती की किल्ल्याभोवती तोफेचा गोळा जिथवर जाईल तिथवरची जमीन इंग्रजांची. मद्रासहून तोफ आणली गेली, चहूबाजूंना गोळे टाकले गेले आणि त्या टप्प्यातली गावं कंपनीकडे गेली. पुढे त्यांना गोळ्याची गावं असंच नाव पडलं. हाच सेंट डेव्हिडचा किल्ला. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतल्यावर इंग्रजांचा दक्षिणेतला कारभार काही वर्षं इथून चालला, आणि १७५८ मध्ये फ्रेंचांनी किल्ला पाडला. आज गडिलम नदीच्या मुखापाशी त्याचे तुरळक अवशेष आहेत. पाहण्यासारखं फार नाही हे खरं, आणि अनेक प्रवासी थेट पुढे जातात. पण मुलाला जमीन हातात आली कशी हे सांगायला याहून सोपी गोष्ट मला माहीत नाही. दगड फेकायचा, तो पडेल तिथपर्यंत माझं. गोळा ज्या गावापलीकडे पडला त्या गावाला कुणी विचारलं होतं का, हे मूल स्वतःच विचारेल. त्याचं उत्तर देताना आपल्या बाजूचाही हिशेब मांडावा लागतो, आणि तो मांडावा.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप वेगळाच आहे: एवढं करून मूल विसरणारच. विसरेल. तीन-चार वर्षांच्या वयातलं फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. पण वॉटर पार्कही ते विसरणारच असतं, तेव्हा ही अट एकट्या मामल्लपुरमला का? शिवाय प्रवास एकट्या मुलाचा नसतो. ज्याच्यामुळे आईबापांना तासभर एका हत्तीपाशी थांबावं लागतं, त्याच्यामुळे त्यांच्या लक्षात तो हत्ती राहतो. दुसरा आक्षेप असा की या चालीनं फार थोडं पाहून होतं. तेही खरं. चार दिवसांत सहा गावं बसवणाऱ्यांनी मूल घरी ठेवावं किंवा, त्याहून बरं, गावं कमी करावीत. भर दुपारी चिदंबरमच्या तापलेल्या फरशीवर मुलाला अनवाणी चालवण्यात कुणाचाच लाभ नाही.

कमी करायचीच झाली तर तरंगंबाडी मात्र ठेवावी. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकानं डेन्मार्कच्या लोकांना इथे जागा दिली आणि त्यांनी समुद्राला लागून डान्सबोर्ग किल्ला बांधला. १८४५ मध्ये त्यांनी ते ठाणं इंग्रजांना विकलं. वेशीच्या दरवाजापासून किल्ल्यापर्यंत एकच सरळ रस्ता आहे, लहान पायांना झेपेल इतका. किल्ल्याच्या उत्तरेला १३०६ च्या सुमाराचं मासिलामणिनाथाचं देऊळ आहे, त्याचा पुढचा भाग समुद्रानं कधीच गिळला. २००४ मध्ये त्या वेळच्या नागपट्टिनम जिल्ह्यात, ज्यात हे गाव होतं, सहा हजारांहून अधिक माणसं गेली. मुलानं विचारलं तर हे लपवू नये, समुद्र कधी कधी घरात येतो एवढं सांगितलं तरी पुरे. याच बंदरात १७०६ मध्ये त्सीगेनबाल्ग हा जर्मन धर्मोपदेशक उतरला आणि त्यानं तमिळ नवा करार इथे छापून काढला. त्याच मिशनमध्ये १७५० साली आलेला श्वार्ट्झ पुढे तंजावरला गेला आणि भोसल्यांच्या दत्तक राजपुत्राचा, सरफोजींचा, शिक्षक आणि पालक झाला. या सरफोजी राजांनी गादीवर आल्यावर तंजावरला देवनागरी खिळ्यांचा छापखाना उभारला. १८०६ मध्ये तिथे 'बालबोध मुक्तावलि' छापलं गेलं, इसापाच्या गोष्टींचं मराठी रूप. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांपैकी हे एक, आणि ते मुलांसाठी होतं.

तरंगंबाडीहून तंजावर शंभरेक किलोमीटर आहे, सरस्वती महाल ग्रंथालय तिथेच आहे. या किनाऱ्यावर पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये न येता ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये कोसळतो, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारी गाठा, टोपी आणि पाणी भरपूर घ्या, आणि मूल मोठं होण्याची वाट पाहू नका.