पासून... पर्यंत

गेल्या उन्हाळ्यात माळ्यावरची ट्रंक आवरताना एक जुनी वही हाती लागली. कव्हर गेलेलं, कडा कसरीने खाल्लेल्या, पण आतलं अक्षर शाबूत. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावी मी अकरा वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला. त्या काळातली ही माझी खासगी वही.

बीडकडची मंडळी पुढचं लगेच ओळखतील. दिवाळीच्या आगेमागे आमचं गाव रिकामं व्हायचं. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी संसार गाडीत घालून ऊसतोडीला निघायची, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. गाळप संपलं की मार्च-एप्रिलात परत. मुलं अर्थातच सोबत. हजेरीपत्रकात त्यांच्यापुढे नुसते गैरहजेरीचे शेरे पडत. मी मात्र या वहीत तीन रकाने आखले होते : नाव, गेल्याची तारीख, आल्याची तारीख. अकरा वर्षांच्या मिळून १४३ नोंदी.

नात पुण्यात संगणकावर माहितीच्या पृथक्करणाचं काम करते. सुट्टीला आली होती. वही चाळून म्हणाली, "आजोबा, ही माहिती चांगली आहे, पण हिला काही विचारता येत नाही."

"म्हणजे?"

"जानेवारीत वर्गातली किती मुलं गावाबाहेर होती? सांगा बघू."

मी पानं उलटू लागलो. हा गेला २८ ऑक्टोबरला, आला १० एप्रिलला, म्हणजे जानेवारी यात आला. पुढचा... असं १४३ वेळा! माझ्या वहीत जानेवारी कुठे लिहिलेलाच नव्हता. तो दोन तारखांच्या मध्ये दडून बसला होता.

मग तिने एक्सेलमध्ये सगळं उतरवलं. पहिल्याच दिवशी गंमत झाली. मी सांगितलेली १०/४/९७ ही तारीख संगणकाने ४ ऑक्टोबर धरली. त्याला म्हणे आधी महिना आणि मग दिवस अशी सवय! ते दुरुस्त झाल्यावर पुढची युक्ती तिने मला समजावली. प्रत्येक नोंदीतल्या दोन तारखांच्या मधल्या सगळ्या तारखांची यादी करायची, ती उलगडून प्रत्येक तारखेची वेगळी ओळ करायची आणि मग महिन्यामहिन्याने त्या ओळी मोजायच्या. आल्याचा दिवस धरायचा नाही, कारण त्या दिवशी पोरगं शाळेत असतं. १९९६ च्या २८ ऑक्टोबरला गेलेल्या त्या मुलाच्या एका ओळीच्या अशा सात ओळी झाल्या : ऑक्टोबर ४ दिवस, नोव्हेंबर ३०, डिसेंबर ३१, जानेवारी ३१, फेब्रुवारी २८, मार्च ३१ आणि एप्रिल ९. एकूण १६४. मी बोटांच्या पेरांवर ताळा करून पाहिला. बरोबर!

एका ठिकाणी मात्र संगणक अडला. नऊ मुलांपुढे 'आला'चा रकाना कोराच होता. "इथे शेवटची तारीख काय घालू?" नातीने विचारलं. "काही जण अशा वेळी आजची तारीख घालतात." मी नको म्हणालो. तसं केलं असतं तर ती पोरं आजही चौथीच्या वर्गाबाहेर उभी दिसली असती. शेवटी त्या-त्या वर्षाचा ३० एप्रिल घातला आणि त्या नऊ ओळी पिवळ्या करून ठेवल्या. कोरी जागा भरली, तरी ती आपण भरली आहे हे दिसलं पाहिजे.

असो. आता खरी गोष्ट सांगतो.

त्याच ट्रंकेत माझ्या चार टाचणवह्या होत्या. कोणत्या महिन्यात काय शिकवलं ते त्यात होतं. महिन्याच्या ओळी तयार झाल्यामुळे ही दोन्ही माहिती शेजारी शेजारी मांडता आली. नातीने तक्ता केला आणि मी गप्पच झालो. चारही वर्षं मी गुणाकार ऑगस्ट-सप्टेंबरात घेतला होता आणि भागाकार डिसेंबर-जानेवारीत. नेमके तेच दोन महिने ऊसतोडीच्या एकूण एक मुलापुढे पूर्ण भरलेले, ३१ आणि ३१!

त्या काळी मला नवल वाटायचं की गुणाकारात पुढे असणारी ही पोरं भागाकारात अडतात कशी? कितीएक प्रगतिपुस्तकांवर मी माझ्या हाताने लिहिलंय, 'भागाकारात कच्चा. लक्ष द्यावे.' कुणी द्यायचं होतं लक्ष?

तुम्ही म्हणाल, गुरुजी, एवढं कळायला संगणक कशाला हवा? मुलं जातात हे तर डोळ्यांना दिसत होतं! खरं आहे. पण 'दिवाळीपासून पाडव्यापर्यंत' असं म्हटलं की तो सगळा काळ एक गठ्ठा होऊन बसतो. एवढ्या मोठ्या गठ्ठ्यापुढे माणूस हात टेकतो. त्याचे महिने सुटे केले तेव्हा कळलं की सगळंच काही माझ्या हाताबाहेरचं नव्हतं. ऊसतोड मला थांबवता आली नसती. पण गुणाकाराच्या पाठोपाठ, दिवाळीच्या आतच भागाकार उरकता आला असता. दुसरं काहीतरी मागे ढकललं असतं, बस्स.

तो तक्ता मी छापून त्या गावच्या आताच्या गुरुजींना पाठवला. सोबत चिठ्ठी : कोण कधी गेलं आणि कधी आलं हे लिहाच, पण जूनमध्ये नियोजन करताना बारा महिन्यांचे चौकोन आखून त्यात गेल्या वर्षीची पोरं बसवून पाहा.

वही पुन्हा ट्रंकेत ठेवली नाही. टेबलावरच आहे. त्या नऊ कोऱ्या जागा अजून तशाच आहेत. तिथे पेनाने काही लिहायला माझा हात धजत नाही.