दलदलीवरचा धर्मग्राम

ल्युब्ल्याना शहर मागे टाकून दक्षिणेला निघालं की जमीन एकदम सपाट होते. स्लोव्हेनियातले लोक या भागाला ‘बार्ये’ म्हणतात. सुमारे 160 चौरस किलोमीटरची ही दलदल. कधीकाळी इथे सरोवर होतं, ते गाळाने भरत आलं आणि मागे राहिली काळी, मऊ, पाणी धरून ठेवणारी माती. 1780 साली ग्रुबरचा कालवा पुरा झाला, पाण्याला वाट मिळाली आणि पुढच्या शतकात गरीब कुटुंबं इथे येऊन राहू लागली. चर्ना वास हे असंच रस्त्याच्या कडेकडेने लांबत गेलेलं गाव. पुराची सवय असलेलं, हातात पैसा नसलेलं. या गावाने 1930च्या दशकाच्या अखेरीस आपलं चर्च बांधलं, आणि त्याचा आराखडा करून दिला वास्तुविशारद योझे प्लेचनिक यांनी.

प्लेचनिक तेव्हा काही लहान असामी नव्हते. जन्म 1872चा, ल्युब्ल्यानाच्या एका सुताराच्या घरात. व्हिएन्नात ओट्टो वाग्नर यांच्या हाताखाली शिकले आणि तिथेच काँक्रीटमध्ये पवित्र आत्म्याचं चर्च उभं केलं. पुढे चेकोस्लोव्हाकियाचे राष्ट्राध्यक्ष मासारिक यांच्या बोलावण्यावरून प्रागचा किल्ला नव्याने घडवला. किल्ल्याचं काम केलेल्या माणसाने चिखलातल्या एका गावासाठी तितकाच जीव ओतला, हे मला फार मोलाचं वाटतं. संत मिखाएलच्या या चर्चपाशी मी पुन्हा पुन्हा येतो तो त्यासाठीच.

जमीन भार घेत नाही म्हणून आधी लाकडी खुंट ठोकून पाया केला. याच बार्येत काही हजार वर्षांपूर्वी माणसं खुंटांवर घरं बांधून राहत होती. त्या घरांचे अवशेष मातीत सापडले आहेत, आणि त्यांच्यासोबत 5,000 वर्षांहून जुनं लाकडी चाकही. प्लेचनिकना हा वारसा ठाऊक होता. पुराच्या पाण्यापासून वर राहावं म्हणून त्यांनी प्रार्थनेची जागा उचलून वरच्या मजल्यावर नेली. तिथे पोचायला दगडी जिना आहे, एखाद्या पुलासारखा लांब. म्हाताऱ्या माणसांना तो चढताना दम लागत असणार. पण पाणी भरलेल्या दिवसांत हीच चढण कामी येते. शेजारी घंटेचा मनोरा उभा आहे. तो जाड नाही, चौकोनी नाही. आरपार खिडक्या ठेवलेली एक उंच भिंतच म्हणा ना. कमी दगडात उंची साधायची आणि मऊ जमिनीवर ओझं टाकायचं नाही, हा हिशेब त्यात मला स्पष्ट दिसतो.

दगड पोदपेचचा, म्हणजे दलदलीच्या काठावरच्याच खाणीतला. जवळ जाऊन बघावा असा हा दगड आहे. रंग गडद करडा, ओला झाला की जवळजवळ काळा, आणि त्यात पांढऱ्या रेघा: काही वाकड्या, काही जिभेसारख्या लांब, काही तुटक. त्या रेघा म्हणजे जुरासिक काळातल्या समुद्री शिंपल्यांचे काप. ल्युब्ल्यानाच्या जागी रोमनांचं एमोना शहर होतं तेव्हापासून लोक हा दगड वापरत आले आहेत. प्लेचनिकनी तो ल्युब्ल्यानातल्या राष्ट्रीय ग्रंथालयालाही लावला. ग्रंथालयात तो घोटून झळझळीत केला आहे, इथे खेड्याच्या भिंतीत खडबडीत राहिला आहे. मला इथला जास्त आवडतो. बोट फिरवलं की शिंपला हाताला लागतो.

आत शिरल्यावर मात्र माझ्यासारख्या वसईत वाढलेल्या माणसाची दिशाच हरवते. आमच्याकडच्या जुन्या चर्चची बांधणी पोर्तुगीज काळातली. जाड भिंती, लांबच लांब मधला भाग आणि दूर टोकाला सोनेरी वेदी. माझ्या आजीच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये होई आणि फादरांची पाठ लोकांकडे असे. मागच्या बाकावरून तिला काय दिसत असेल आणि काय ऐकू येत असेल, कोण जाणे. चर्ना वासमध्ये वेदी लांब भिंतीच्या मध्यावर आहे. जागा खोल जाण्याऐवजी दोन्ही बाजूंना पसरते. त्यामुळे कुठेही बसा, वेदी जवळच वाटते. लोकांना उपासनेत खऱ्या अर्थाने सामावून घ्यावं, हा विचार त्या काळात युरोपभरच्या कॅथलिकांमध्ये रुजत होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला, म्हणजे 1962ला, अजून पाव शतक अवकाश होता. या गावाने ती जवळीक आधीच बांधून ठेवली होती.

चर्ना वासच्या चर्चआधीच्या वर्षांत इतरत्रही नवी चर्च उभी राहत होती. पॅरिसजवळ ल रँसीला ओग्युस्त पेरे यांनी 1923 साली उघड्या काँक्रीटचे सडपातळ खांब आणि रंगीत काचांच्या जाळीदार भिंती रचल्या. आखेनमध्ये रुडॉल्फ श्वार्त्स यांनी 1930 साली जवळजवळ रिकामी, पांढरीशुभ्र पेटी उभारली. दोन्ही थोर कामं आहेत. श्वार्त्स यांच्या त्या कोऱ्या भिंतीसमोर माणूस गप्प होतो. पण मेणबत्ती कुठे ठेवू, फुलं कुठे वाहू, असं विचारणाऱ्या बाईला ती भिंत उत्तर देत नाही. प्लेचनिक त्या बाईला विसरले नाहीत. दिवे, मेणबत्त्यांचे स्तंभ, कठडे, वेदीचं धातुकाम यांना ते नंतर आणून मांडायचं सामान समजत नसत. भिंतीइतकंच तेही वास्तूचं अंग, आणि तेही त्यांच्याच हातून कागदावर उतरे. चर्चसाठी प्याले आणि पूजापात्रं तर ते आयुष्यभर रेखाटत राहिले. गोटफ्रीड सेंपर या जर्मन वास्तुविशारदाचं म्हणणं त्यांना पटलेलं होतं: वास्तूचं मूळ विणकामात आहे, भिंत आधी कापड होती. बार्येच्या चर्चमध्ये हे पुस्तकी वाटत नाही. खाली दगड आणि वर लाकूड. त्या लाकडाच्या उबेत बसलं की कुणीतरी आपल्याभोवती जाड पांघरूण गुंडाळल्यासारखं वाटतं.

आणि मग ते खांब. पैसे नव्हते, तेव्हा प्लेचनिकनी खांबांसाठी सांडपाण्याच्या गटारांना वापरतात ते काँक्रीटचे पाइप घेतले. कारखान्यात साच्यातून निघणारे, जमिनीखाली पुरायचे, कुणी दुसऱ्यांदा बघू नये असे. ते उभे केले, एकावर एक चढवले आणि वेदीसमोरच्या जागेचा भार त्यांच्यावर दिला. ग्रीक खांबांची प्रमाणं या माणसाच्या बोटांत मुरलेली होती. खांबाला तळ हवा, माथा हवा, भार कुठून कुठे उतरतो ते डोळ्यांना कळायला हवं, ही शिस्त त्यांनी पाइपलाही लावली. ‘स्वस्तात मस्त’ म्हणून या खांबांचं कौतुक करणारे भेटतात, आणि मला ते खटकतं. काटकसर तर कुणीही करतो. हलक्या वस्तूला मानाचं काम द्यायचं आणि ते तिला पेलवेल इतकी काळजी घ्यायची, हे सुताराच्या घरात वाढलेल्या माणसाचं काम आहे. उरलेल्या फळीचा तुकडाही सुतार टाकून देत नाही. ल्युब्ल्यानाच्या त्र्नोवो भागातल्या प्लेचनिकांच्या स्वतःच्या घरात आणि बागेत इतर कामांवरून उरलेले दगड आणि काँक्रीटचे तुकडे आजही दिसतात. राजवाड्याला एक मन आणि झोपडीला दुसरं, असं त्यांच्याकडे नव्हतंच.

1957 साली ते गेले. युद्धानंतरच्या युगोस्लाव्हियात धर्मनिष्ठ म्हाताऱ्या वास्तुविशारदाला मोठी कामं थोडीच मिळाली, आणि बरीच वर्षं जगानेही त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. 2021 साली ल्युब्ल्यानातलं त्यांचं काम युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. पूल, नदीचे घाट, बाजार, ग्रंथालय, दफनभूमी, आणि त्यांच्यासोबत हे गावातलं चर्चही.

आता ते जपणं आलं. लाकडाचं छप्पर आणि भिंती यांच्याकडे कोणाचंही लक्ष जाईल. खरी काळजी मला जमिनीखालच्या खुंटांची वाटते. पाण्यात पूर्ण बुडालेलं लाकूड सहसा कुजत नाही, कारण तिथे हवा पोचत नाही. म्हणून तर हजारो वर्षांपूर्वीचं ते चाक हाती लागलं. पण भूजल खाली गेलं, खुंटांची डोकी उघडी पडली, की बुरशी आपलं काम सुरू करते. दलदल सुकवून शेती आणि घरं वाढवण्याचा मोह बार्येत दोनशे वर्षांहून जुना आहे. तेव्हा या चर्चची देखभाल करणाऱ्यांनी छपराकडे बघताना आजूबाजूच्या चरांतलं पाणी कुठवर आहे, तेही मोजत राहायला हवं.