कमिशनमधलं मला किती?

मी भिवंडीत विमा एजंट आहे. लूमवाल्या शेठचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘कमिशनमधलं मला किती?’ गोडाऊनचा सुपरवायझर म्हणतो, ‘गिऱ्हाईक आणतो, माझा कट ठेव.’

सॉरी बॉस! १९३८च्या विमा कायद्याचं कलम ४० सांगतं, कमिशन फक्त अधिकृत एजंट किंवा मध्यस्थालाच. गिऱ्हाइकाला त्यातला वाटा देणं कलम ४१ने बंद. २०१५च्या दुरुस्तीने त्यासाठीचा दंड पाचशे रुपयांवरून थेट दहा लाखांपर्यंत नेला.

या नकारापायी दिवाळीत एक मोठी केस हातची गेली. घरी हप्ते थांबत नाहीत, त्यामुळे लागलंच. पण आग लागली की शेठ मलाच फोन करणार, सुपरवायझरला नाही. कमिशन त्या फोनचं असतं.

तुम्हालाही कुणी ‘अर्धं परत देतो’ म्हणालं, तर विचारा, क्लेमच्या वेळी फोन उचलशील ना?