पारख

बाजारांतून एखादी वस्तु विकत आणणें ही गोष्ट वरवर पाहतां क्षुल्लक वाटते. परंतु मनुष्याची विवेकबुद्धि कितपत जागृत आहे, याची परीक्षा अशाच प्रसंगीं होत असते. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या गृहस्थानें आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, या अर्थाचा प्रभु येशूचा दृष्टांत आपल्या शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. मला त्याचा प्रत्यय आला तो बुरुजाच्या नव्हे, तर अंगठ्याएवढ्या एका यंत्राच्या निमित्तानें. हें यंत्र म्हणजे संगणकाच्या यूएसबी खांचेंत बसविण्याचा वायफाय अडॅप्टर होय. ज्या संगणकांत बिनतारी लहरी घेण्याची मूळची सोय नसते, त्यास तो ती सोय करून देतो.

माझ्या आत्याचें घर जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरी येथें आहे. हें स्थान कोल्हापुरापासून सुमारें १८ किलोमीटर दूर व समुद्रसपाटीपासून सुमारें ३१०० फूट उंच आहे. राणोजी शिंदे यांनीं १७३० सालीं बांधविलेलें तेथील देवालय काळ्या दगडाचें आहे, आणि आत्याच्या जुन्या घराच्या भिंतीहि तशाच दगडी, दोन हात रुंदीच्या. पुढें नारळ-गुलालाचें दुकान, मध्यें अंगण व मागें एक खोली. त्या खोलींत तिची नात बारावीनंतरच्या सीईटीचा अभ्यास करीत असे. एका नातलगानें आपला जुना संगणक तिला दिला, पण त्यांत वायफाय नव्हतें. घरांतील राउटर मोबाईलचें सिमकार्ड घालून चालणारा. मोबाईलच्या लहरी दुकानांतच नीट मिळत, म्हणून तो तेथून हलवितां येत नव्हता. आत्यानें दुकानाच्या मिळकतींतून दोन हजार रुपये बाजूस काढून ठेविले होते, आणि त्यांतच मुलीचीं पुस्तकेंहि यावयाचीं होतीं.

वास्तविक तार हीच सर्वांत भरंवशाची जोडणी. जेथें ती नेतां येते तेथें अन्य विचार करूं नये. परंतु यात्रेकरूंची वर्दळ असलेल्या अंगणांतून तार नेली, तर ती चार दिवस टिकती ना. संगणकाची पेटी उघडून आंत वायफायचें कार्ड बसविणें हा दुसरा मार्ग होता. पण जेथें वाऱ्याबरोबर गुलाल उडतो, तेथें पेटी न उघडणेंच बरें, असें मला वाटलें. उरला यूएसबी अडॅप्टर. तो कोणता घ्यावा, एवढाच प्रश्न राहिला.

"दोन हजारांचाच आण बाबा," आत्या म्हणाली. "पोरीच्या अभ्यासाला कमी पडायला नको."

नातीनें मोबाईलवर एका अडॅप्टरच्या पेटीचें चित्र दाखविलें. "काका, ह्याच्यावर बाराशे लिहिलंय. म्हणजे बाराशेचा वेग मिळणार ना?"

हा प्रश्न तिनें विचारला हें फार बरें झालें, कारण पुष्कळांची दृष्टि त्या आंकड्यावरच खिळून राहते. हीं यंत्रें दोन पट्ट्यांवर चालतात, एक २.४ गिगाहर्ट्‌झचा व दुसरा ५ गिगाहर्ट्‌झचा. पहिल्यावरील सुमारें ३०० व दुसऱ्यावरील सुमारें ८६७ मेगाबिट यांची बेरीज करून पेटीवर १२०० छापतात. पण असा अडॅप्टर एका वेळीं एकाच पट्ट्यावर चालतो. त्यांतून तिच्या संगणकाची खांच यूएसबी २.० ची, तिची कमाल मर्यादाच सेकंदास ४८० मेगाबिट, तीहि कागदावर. आणि मुख्य गोष्ट ही, कीं बाहेरून घरांत येणारा प्रवाहच जेमतेम २० मेगाबिटांचा होता. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? आंकड्यासाठीं अधिक पैसे मोजणें व्यर्थ होतें.

खरी अडचण होती ती भिंतींची. १८९५ सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं भिंतींपलीकडील घंटा बिनतारी लहरींनीं वाजवून दाखविली. लहरी भिंत ओलांडतात, पण ओलांडतांना क्षीण होतात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्‌झची सुमारें सहा. आणि आंखूड लहर दगडी भिंतींत सामान्यतः अधिक क्षीण होते. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं आम्हीं एक बिनखर्ची प्रयोग केला. मोबाईल हातांत घेऊन नात दुकानांतून अंगणांत व अंगणांतून खोलींत गेली. अंगणांत दोन्ही पट्ट्यांचीं नांवें दिसत होतीं. खोलींत ५ गिगाहर्ट्‌झचें नांव नाहींसें झालें आणि २.४ चें मंदपणें टिकून राहिलें. खिडकीपाशीं मात्र तें बरेंच सुधारलें. काय घ्यावें हें त्या दहा पावलांनींच आम्हांस सांगितलें.

आणखी एक गोष्ट पाहणें अवश्य होतें. तिच्या संगणकावर लिनक्स प्रणाली होती. अडॅप्टरच्या आंतील चिपला त्या प्रणालीनें ओळखलें नाहीं, तर उत्तम यंत्रहि निरुपयोगी ठरतें. आणि एकाच नांवाच्या यंत्राच्या दोन आवृत्तींत दोन निराळ्या चिपा असूं शकतात. शहरांतील एका दुकानांत "सगळे सारखेच" असें उत्तर मिळालें. दुसऱ्या दुकानदारानें पेटीवरील आवृत्तीचा क्रमांक दाखविला आणि न चालल्यास आठ दिवसांत परत घेण्याचें पावतीवर लिहून दिलें. तेथूनच आम्हीं, बाहेर उभा अँटेना असलेला, साधा, साडेसातशें रुपयांचा अडॅप्टर घेतला. जोडीस दीड मीटर लांबीची यूएसबीची वाढीव तार घेतली. संगणकाच्या मागील बाजूस लोखंडी पेटीच्या आड अडॅप्टर खोंचला असतां लहरी अडतात. तारेनें तो खिडकीच्या कोनाड्यांत आणून ठेवतांच प्रवाह सुरळीत झाला. उरलेल्या पैशांत मुलीचीं पुस्तकें आलीं.

चैत्र पौर्णिमेस सासनकाठ्या डोंगरावर आल्या, लाखों भाविक जमले आणि मोबाईलचें जाळें मंदावलें. शेजाऱ्यांनीं अडॅप्टरला दोष दिला. नातीनें दिला नाहीं. घरांतील जोडणी पूर्ववतच आहे, अडला आहे तो बाहेरून येणारा ओघ, हें ती ओळखून होती. तिनें यात्रेपूर्वींच आठवड्याचे धडे संगणकांत उतरवून ठेविले होते. त्या गर्दींतहि तिचा अभ्यास एक दिवस खंडला नाहीं.

डोंगराच्या उत्तरेस वारणेचें खोरें आहे. तेथील सत्तर खेड्यांसाठीं १९९८ सालीं 'वायर्ड व्हिलेज' नांवाची योजना सुरू झाली आणि ऊसकरी शेतकऱ्यांसाठीं गांवोगांवीं संगणक बसले. कांहीं वर्षांनीं संशोधकांना असें आढळलें, कीं त्यांतील मुख्य काम, म्हणजे उसाच्या वजनाची वगैरे माहिती पोहोंचविणें, साध्या मोबाईलच्या लघुसंदेशानेंहि होतें व तेंहि कमी खर्चांत. कांहीं गांवांत तसा प्रयोग करण्यांत आला. त्या संगणकांनीं मार्ग दाखविला, हें खरेंच; पण कामाच्या मापानें साधन निवडावें, हा धडा आपल्याच जिल्ह्यानें त्यांतून घेतला.

विद्यार्थिमित्रांनो, पुढें तुमच्या हातीं याहून मोठीं साधनें येतील आणि त्यांच्या पेट्यांवर याहून मोठे आंकडे असतील. तेव्हां आधीं आपली गरज मोजा, नंतर वाटेतील सर्वांत अशक्त दुवा कोणता तो शोधा, आणि मग वस्तूची किंमत विचारा. आईवडिलांनीं घाम गाळून मिळविलेल्या एका रुपयाचाहि मान याच रीतीनें राखला जातो. माहागाची वस्तु घेण्यास केवळ पैसा लागतो. योग्य ती वस्तु घेण्यास विद्या लागते, आणि ती मिळविण्यासाठींच तुम्ही या शाळेंत येत आहां.