शिष्यवृत्ती आणि हंगाम

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या मुली आज परिचारिका आहेत, शिक्षिका आहेत, पोलीस दलात आहेत. मी मानवशास्त्राकडे वळले. सौंदडला आले की पालक आपुलकीने विचारतात, "बाई, हा विषय नेमका कशाचा? आणि त्यावर पोट भरते का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. माणसांमध्ये राहून त्यांची नाती, श्रम आणि समजुती जाणून घेण्याचे हे शास्त्र आहे. दुसऱ्या प्रश्नासाठी हा लेख लिहीत आहे.

या विषयाशी आपले नाते जुने आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. जातीबाहेर विवाह न करण्याच्या नियमावर जात उभी आहे, आणि तो नियम टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह यांचा भार स्त्रीवर टाकला गेला, हे त्यांनी त्यात मांडले. ही प्रज्ञा त्यांची स्वतःची होती. तिला न्यूयॉर्कपर्यंत जाता आले ते बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीमुळे.

महाराष्ट्रातील स्त्रियांच्या वाटचालीतही पैशाचा हा प्रश्न सतत दिसतो. इरावती कर्वे यांनी मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्याकडे अभ्यास केला तो दक्षिणा फेलोशिपवर. पेशवाईत ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीतून इंग्रजी अमलात ही फेलोशिप निघाली होती. पुढे १९२८ मध्ये जर्मनीला जाण्याची वेळ आली, तेव्हा स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेले त्यांचे सासरे महर्षी कर्वे यांनाही तो बेत पसंत नव्हता. पती दिनकर कर्वे पाठीशी उभे राहिले आणि जीवराज मेहता यांनी कर्जाऊ रक्कम दिली. १९३० मध्ये बर्लिनची डॉक्टरेट मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी उभे केलेले काम त्यानंतरचे. लीला दुबे यांनी गोंड स्त्रियांवर संशोधन करून नागपूर विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यांचे पती श्यामाचरण दुबे याच शास्त्रातले अभ्यासक होते. या दोघींच्या गुणवत्तेबद्दल शंका नाही; परंतु घरची संमती आणि ओळखीच्या माणसाचे औदार्य हे भांडवल आपल्या मुलींना कोठून मिळावे?

म्हणूनच सार्वजनिक अधिछात्रवृत्तीचे मोल मोठे आहे. ती कोणाची मेहेरबानी नसते. अनुसूचित जातींसाठी बार्टी, आदिवासींसाठी टीआरटीआय, इतर मागासवर्ग व भटक्या जमातींसाठी महाज्योती या राज्याच्या संस्था पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देतात. केंद्राची अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीही आहे. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात. न्यूयॉर्कचे वेनर-ग्रेन फाउंडेशन १९४१ पासून केवळ मानवशास्त्रासाठी काम करते आणि कोणत्याही देशातील संशोधकाला क्षेत्रकार्यासाठी अनुदान देते. आणि आपल्याजवळ, नागपुरातच, भारतीय मानवविज्ञान सर्वेक्षणाचे केंद्र आहे. ही नावे पालकांनी लिहून ठेवावीत.

मात्र या तरतुदींत दोन उणिवा आहेत. पहिली क्षेत्रकार्याची. जेआरएफमध्ये मानव्य शाखांसाठी किरकोळ खर्चाची तरतूद सुरुवातीला वर्षाला १०,००० रुपये आहे. वर्षभर परक्या गावात राहणाऱ्या मुलीची खोली, प्रवास आणि सोबतीला एखादी स्थानिक बाई, एवढे त्यात बसत नाही. दुसरी काळाची. विद्यापीठ अनुदान आयोगाने स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा दिली, पीएच.डी.साठी दोन वर्षे अधिक दिली. हे स्वागतार्ह आहे. पण जेआरएफची एकूण मुदत पाचच वर्षांची. मुदत वाढते, पैसा वाढत नाही.

हे मी अनुभवाने सांगते. माझे संशोधन तेंदूपाने तोडणाऱ्या स्त्रियांवर होते. आपल्या भागात हा हंगाम उन्हाळ्यात जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. बाया पहाटे अंधारात जंगलात शिरतात, ऊन चढण्याआधी परततात आणि दिवसभर सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतात. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही. त्या वर्षी माझी अधिछात्रवृत्ती मंजूर होती, प्रगती अहवाल वेळेवर गेला होता, मार्गदर्शकांची सहीही झाली होती. रक्कम मात्र जानेवारीपासून आली नव्हती. घरी लग्नाची बोलणी सुरू झाली होती, "एवढे शिकून हातात काय?" या प्रश्नाला माझ्याजवळ बँकेचे रिकामे पासबुक होते. हंगाम चुकला असता तर संपूर्ण वर्ष गेले असते, आणि बहुधा संशोधनही.

तेव्हा याच वसतिगृहात माझ्यापुढे चार वर्षे असलेल्या ताईने वीस हजार रुपये पाठवले. त्या परिचारिका आहेत. मानवशास्त्राशी त्यांचा संबंध नाही. "पैसे आले की परत दे, आणि लग्नाचे आईशी मी बोलते," एवढेच त्या म्हणाल्या. मी हंगामभर जंगलात गेले. थकीत रक्कम ऑगस्टमध्ये एकदम जमा झाली आणि त्याच आठवड्यात ताईंचे पैसे परत केले. माझ्या प्रबंधातील सर्वांत भक्कम प्रकरण त्या हंगामाचे आहे.

माझ्याबरोबरच्या एका मैत्रिणीला अशी ताई मिळाली नाही. तिने दुसऱ्या वर्षी संशोधन सोडले. ती माझ्याहून हुशार होती.

स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांपुढे एक सूचना ठेवते. शंभर जणांनी प्रत्येकी दोन हजार दिले, तर दोन लाखांचा फिरता निधी उभा राहतो. त्यातून उच्च शिक्षण घेणाऱ्या दहा मुलींना प्रत्येकी वीस हजार बिनव्याजी देता येतील. मंजुरीचे पत्र पाहून आठ दिवसांत रक्कम द्यावी. अधिछात्रवृत्ती जमा होताच ती परत घ्यावी. समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात. सरकारने वेळेवर पैसे द्यावेत ही मागणी आपण करीतच राहू, कारण तो मुलींचा हक्क आहे. परंतु तेंदूचा हंगाम शासनाच्या आदेशाची वाट पाहत नाही.

पहिले दोन हजार रुपये मी शाळेच्या कार्यालयात जमा करीत आहे. ताईंनीही आपले नाव यादीत लिहायला सांगितले आहे. उरलेल्या अठ्ठ्याण्णव नावांची वाट पाहते. जयभीम.