मऊ करा, गाळू नका

आमच्या अण्णांचे दात गेले आणि ताटातली भाकरीही गेली. जन्मभर मंगळवेढ्याकडची ज्वारी खाल्लेला माणूस कवळी टोचते म्हणून दूध-ब्रेड, मऊ भात, साबुदाण्याची खीर आणि मोसंबीचा गाळलेला रस यांवर आला. सकाळी शौचाला कुंथून कुंथून ते घामाघूम व्हायचे. पोट जड, तोंडाला चव नाही. मधुमेह आधीपासून होताच. जेवणानंतरची साखरही चढी राहू लागली.

डॉक्टरांनी तपासून दुसरा आजार नसल्याची खात्री केली आणि आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी अण्णांचं दिवसभराचं खाणं लिहून घेतलं. त्यात चोथा, म्हणजे तंतुमय घटक, जवळजवळ नव्हताच. प्रौढ माणसाने रोज किमान २५ ग्रॅम तंतुमय घटक खावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ची शिफारस आहे. १०० ग्रॅम ज्वारीत ते सुमारे १० ग्रॅम असतात, बाजरी-नाचणीत ११. पांढऱ्या तांदळात ३सुद्धा नाहीत आणि साबुदाण्यात तर नावालाच.

"पण त्यांना चावता येत नाही हो," मी म्हटलं.

"शिजवून, कुस्करून चोथा कमी होत नाही. चाळून, सोलून, गाळून होतो," त्या म्हणाल्या.

मग मी ज्वारीचं पीठ चाळणं बंद केलं. गरम आमटीत भाकरी कुस्करून थोडा वेळ झाकून ठेवली की ती लोण्यासारखी मऊ होते. मुगाच्या डाळीऐवजी सालासकट मूग भिजवून कुकरमध्ये गाळ शिजवू लागले. अख्ख्या मुगात डाळीच्या जवळपास दुप्पट चोथा असतो. शेवग्याचा पाला बारीक चिरून वरणात, जवसाची पूड ताकात, सकाळी नाचणीची आंबील, रसाच्या जागी कुस्करलेली पपई.

हे सगळं एकदम केलं नाही. अचानक चोथा वाढला की पोटात वायू धरतो, म्हणून एक बदल अंगवळणी पडल्यावरच दुसरा. प्रत्येक खाण्यासोबत पाणी मात्र हवंच. चोथा पाणी धरून मळ मऊ आणि भरीव करतो. पाणी कमी पडलं तर उलट खडा धरतो.

चोथा आपल्याला पचत नाही, आणि तोच त्याचा गुण. कोंड्यातला न विरघळणारा भाग मळ पुढे ढकलतो. कडधान्यं आणि जवसातला विरघळणारा भाग बुळबुळीत होऊन साखरेचं शोषण संथ करतो. तो पित्ताम्लंही सोबत बाहेर नेतो. नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. उरलेल्या चोथ्यावर मोठ्या आतड्यातले जिवाणू जगतात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं तयार करतात.

काही आठवड्यांत अण्णांचं पोट नियमित साफ होऊ लागलं. जेवणानंतरची साखरही उतरली. गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे चालूच आहेत. मला सर्वांत मोठा आनंद वाटला तो ते स्वतःहून "आज भाकरी कुस्कर गं" म्हणाले तेव्हा.

घरात कवळी असलेलं किंवा दात नसलेलं माणूस असेल तर त्याच्या ताटाकडे नीट बघा. मळात रक्त दिसलं, वजन घटलं किंवा शौचाची सवय अचानक बदलली, तर आधी डॉक्टर गाठा. तसं नसेल, तर त्याच्यासाठी अन्न हवं तेवढं मऊ करा. त्यातला चोथा तेवढा काढून टाकू नका. म्हातारपणी त्याची गरज कमी होत नाही.