न दुखणारे दुखणे

मराठीत आजाराला 'दुखणे' म्हणतात. माणूस आजारी पडला की तो 'दुखणाईत' होतो आणि बरा झाला की 'दुखण्यातून उठतो'. आजार आणि वेदना यांत आपल्या भाषेने फारसे अंतर ठेवलेले नाही. 'आजार' हा शब्द फारसीतून आला. तेथेही त्याचा मूळ अर्थ पीडा असाच आहे. 'रोग' आणि 'रुग्ण' हे संस्कृत शब्द 'रुज्' या धातूपासून झाले. त्याचा अर्थ मोडणे, पीडा देणे. म्हणजे आपल्याजवळचे हे सारे शब्द एकच गोष्ट गृहीत धरतात. जेथे रोग आहे तेथे दुखणार, आणि जे दुखत नाही तो रोग नव्हे.

या समजुतीची फार मोठी किंमत स्तनाच्या कर्करोगात मोजावी लागते. या रोगाची पहिली गाठ बहुधा दुखत नाही.

मी सिल्वासात राहते. सीमेपलीकडील मराठी वाचकांना हे गाव मुक्तिसंग्रामामुळे परिचित असेल. १७८३ साली पेशव्यांकडून नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली, आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मराठी माणसे होती. २०११ च्या जनगणनेत दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ होती आणि त्यांत निम्म्याहून अधिक आदिवासी होते. वारली, कोकणा, धोडिया या येथील मोठ्या जमाती. येथे बाजार गुजरातीत चालतो, कारखाना हिंदीत, कचेरीचा कागद इंग्रजीत येतो आणि घरात मराठी, वारली किंवा आणखी एखादी बोली असते. मोठ्या उपचारासाठी मुंबई गाठायची तर गाडी वापीहून, म्हणजे गुजरातेतून धरावी लागते. एकाच दिवसात तीन-चार भाषांतून वावरणाऱ्या बाईने आपल्या शरीराबद्दलची सर्वांत खाजगी गोष्ट कोणत्या भाषेत सांगावी, हा प्रश्न येथे रोजचा आहे.

माझ्या सासूबाईंनी अंगावरची गाठ अकरा महिने कोणाला सांगितली नाही. त्या तलासरीकडच्या, धीट स्वभावाच्या. भीतीने गप्प बसणाऱ्या नव्हत्या. मी कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "अगं, दुखत नव्हतं. मग सांगायचं तरी काय?" हा प्रश्न मला पुढे फार दिवस पुरला. 'सांगायचं काय' यात लाज होतीच, पण शब्दांची अडचणही होती. 'स्तन' हा शब्द त्यांनी आयुष्यात कधी उच्चारला नव्हता. त्यांनी एका दवाखान्यात 'छातीत काहीतरी आहे' एवढेच सांगितले होते, आणि तेथून त्या खोकल्याचे औषध घेऊन परतल्या होत्या. छाती म्हटले की ऐकणाऱ्याला फुप्फुस आठवते किंवा हृदय. आम्ही मुंबईस पोहोचलो तोवर रोग काखेतून हाडांपर्यंत गेला होता. चौदा महिन्यांनी त्या गेल्या.

त्यानंतर शेजारच्या दोघी-तिघींबरोबर मी हे काम हाती घेतले. काम साधे आहे. या रोगाची खात्रीची माहिती बायकांना कळेल अशा मराठीत मांडायची, ती मोबाइलवरून पोहोचवायची, आणि ज्या बाईला रोग झाला आहे तिच्याशी बोलत राहायचे. उपचार डॉक्टरांचे; आमच्याकडे फक्त शब्द आहेत. परंतु शब्दांचे काम मला वाटले होते त्याहून पुष्कळ निघाले.

हाती आलेल्या माहितीपत्रकांत 'स्तनांचे स्वयंपरीक्षण', 'स्तनाग्रातून होणारा स्राव' अशी भाषा होती. ती चुकीची नाही, पण ती कोणाच्या तोंडची नाही. मग मी तोंडचे शब्द शोधू लागले. मराठी याबाबतीत मुळीच दरिद्री नाही. आई बाळाला 'अंगावर पाजते', तिला 'पान्हा फुटतो'. जुन्या बायका 'थान' म्हणतात, 'बोंडशी' म्हणतात, आणि चारचौघांत म्हणतात. मात्र हे शब्द मांडल्यावर एक गोष्ट लक्षात आली. ते बहुतेक दुधाचे शब्द आहेत. बाळ अंगावर पिते आहे तोवर त्या अवयवाविषयी मोकळेपणाने बोलता येते. दुधाचे दिवस सरले की त्याला घरच्या भाषेत नावच उरत नाही. रोगाचा धोका तर वयाबरोबर वाढत जातो. ज्या वयात बोलण्याची गरज अधिक, त्याच वयात शब्द आटलेले असतात.

दुसरी अडचण मोबाइलची. घरातला मोबाइल पुष्कळदा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हाती असतो, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी केलेला आवाजी संदेश ओसरीवर सर्वांसमोर वाजतो. म्हणून सर्वांसमोर वाजला तरी कोणी तो घाईघाईने बंद करणार नाही, असे वाक्य हवे होते. बऱ्याच खटाटोपानंतर आमचा संदेश असा ठरला : "बाळाला अंगावर पाजतो त्या जागी किंवा काखेत हाताला गाठ लागली, तिथली कातडी ओढल्यासारखी किंवा संत्र्याच्या सालीसारखी झाली, बोंडशी आत गेली, तिच्यातून रक्त आलं, तर दुखत नसलं तरी दाखवा. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं." यांतले 'दुखत नसलं तरी' हे तीन शब्द आम्ही दोनदा म्हणतो.

'गाठ' या शब्दाने आम्हांला मोठा हात दिला. संस्कृत 'ग्रंथि'पासून मराठीत गाठ झाली, गुजरातीत आणि हिंदीत गांठ. बाजारातली गुजराती बाई, कारखान्यातली हिंदी भाषक बाई, खानवेलकडची वारली बाई, कोणालाही तो समजावून सांगावा लागत नाही. एरवी भाषांच्या सीमेवरून एवढे वाद होतात. हा एक शब्द मात्र कोणत्याही नाक्यावर न अडता पलीकडे जातो.

केवळ बोलण्याने काय साधते, असे कोणी विचारले तर मी बार्शीचे उदाहरण देते. १९८७ साली बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावांसाठी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदी घेणारे कार्यकर्ते गावोगाव जात, लोकांशी बोलत, लक्षणे समजावून सांगत. काही वर्षांत असे दिसले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या आहेत. दुसरे उदाहरण मुंबईचे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, कोणत्याही यंत्राविना, केवळ हाताने केली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. शासनाच्या कार्यक्रमानुसार ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांसाठी आरोग्य केंद्रांवर अशी तपासणी ठरवून दिलेली आहे. ती मागून घेण्यासाठी मात्र बाईला तोंड उघडावे लागते.

हे निकडीचे आहे. जागतिक कर्करोग नोंदींच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १,९२,००० स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ९८,००० स्त्रिया त्याने दगावल्या. संपन्न देशांत या रोगातून पाच वर्षे तरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे. आपल्याकडे ते सुमारे ६६ टक्के आहे. या तफावतीत उपचारांच्या सोयी आणि पैसा यांचा वाटा आहे, तसाच उशिराचाही आहे.

निदान झाल्यावर शब्दांची दुसरी परीक्षा सुरू होते. कर्क म्हणजे खेकडा. ग्रीकांनीही या रोगाला खेकड्याचेच नाव दिले होते. आपल्याकडे हे नाव घेणेच टाळतात. 'तिला ते झालंय' असे हलक्या आवाजात म्हणतात, मग तिचे ताट वेगळे होते, कारण रोग 'लागट' असावा अशी शंका असते. हा रोग लागट नाही, हे आम्ही घरोघर सांगतो. बायका मात्र मोठे प्रश्न क्वचितच विचारतात. केस परत येतात का? (औषधे थांबल्यावर बहुतेकींचे येतात.) शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूच्या हाताने पाण्याची कळशी उचलावी का? (हात सुजू शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारून, हळूहळू.) ब्लाउजच्या आत कापसाची गादी घातली तर ती हलकी पडते आणि पदर एका बाजूला घसरतो, तेव्हा काय करावे? आमच्यातल्या एकीने गादीत मोहरीचे दाणे भरून तिला वजन आणले; आता ती इतरजणींना शिवून देते. 'धीर धर' म्हणण्यापेक्षा त्या गादीने अधिक धीर दिलेला मी पाहिला आहे.

'वेदना' हा शब्द 'विद्' या धातूपासून आला, आणि 'विद्' म्हणजे जाणणे. विद्या आणि वेद हे शब्दही त्याच धातूचे. पूर्वजांनी वेदनेकडे कळण्याचा एक प्रकार म्हणून पाहिले. दुखते म्हणून कळते. या रोगात सुरुवातीला ते कळवणारे दुखणे नसते. ती जागा भाषेलाच भरून काढावी लागते.

म्हणून बेळगाव, निपाणी, भालकी, बिदर, कारवार येथील मराठी वाचकांना माझी एक विनंती आहे. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या बायका या अवयवासाठी, या गाठीसाठी कोणते शब्द वापरतात ते ऐकून टिपून ठेवा. ते शब्द कोशांत असोत वा नसोत, बायकांशी बोलताना त्यांचाच उपयोग होईल. आणि घरातल्या आईला, सासूला, बहिणीला प्रकृती विचारताना 'काही दुखतं का?' एवढ्यावर थांबू नका. 'हाताला काही लागतं का?' असेही विचारा.